पाचवी रेघ

"सरळ हुबं ऱ्हावा, पावणं."

गळ्यात टेप, कानावर पेन्सिल आणि डाव्या हाताचा तळवा गिऱ्हाइकाच्या पाठीवर, बरोबर दोन खांद्यांच्या मध्ये. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले आमचे टेलरमास्तर हे वाक्य सकाळी दुकान उघडल्यापासून म्हणायला लागायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "हुबाच हाय की वो." मास्तर सुस्कारा टाकून टेप पुन्हा लावायचे आणि गिऱ्हाईक पुन्हा वाकायचं.

मास्तरांची उंची होती चार फूट दहा इंच. आमची पेठ तोंडानं फटकळ, पण मनानं मऊ. टाचा उंचावून खांद्याला टेप लावणारा माणूस दिसला की भलेभले पैलवानही गुडघ्यात वाकायचे, खांदे पाडायचे. दुकानात एक स्टूल होतं. मास्तर ते ओढायला गेले की समोरचा म्हणायचा, "कशाला चढतासा मास्तर? मीच वाकतो की." बोलण्यात माया असायची, म्हणून मास्तरांना भांडताही यायचं नाही. तुमच्याही पेठेत असा एखादा असेल, ज्याच्यावर सगळे इतके प्रेम करतात की त्याला जीव नकोसा होतो.

मी सहा फूट उंच आहे. त्यात माझं कर्तृत्व काही नाही, ती वडिलांची देणगी. माझ्या लग्नाचा कोट मास्तरांनी शिवला होता. लग्नाच्या दिवशी तो घातला आणि पाठीवर कापडाची ही एवढी पिशवी फुगली. पुढून कोट वर चढलेला. फोटोत मी नवरदेव कमी आणि पोक आलेला कारकून जास्त दिसतो. बायको तो अल्बम पाहुण्यांना अजून दाखवते, आणि मुद्दाम दाखवते याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

लग्न झाल्यावर चौथ्या दिवशी मी कोट घेऊन तावातावानं दुकानात गेलो. मास्तरांनी तो मला घालायला लावला आणि समोर उभे राहिले.

"आता बोला माझ्यासंगं," म्हणाले.

मी बोलायला वाकलो आणि कोट पाठीला असा चपखल बसला की आत बोट शिरलं नसतं.

"बघितलासा? माप देताना असंच वाकलावता. ट्रायलला असंच वाकलावता. मी वाकल्याल्या माणसाचा कोट शिवला. आता लग्नात तुमी सरळ हुबं ऱ्हायलासा, त्येला मी काय करू?"

मास्तरांची आई दुकानाच्या कोपऱ्यात बुद्धाच्या तसबिरीखाली बसून काजं-बटणं करायची. ती खुदकन हसली. "डाक्टर, आमच्या मागल्या पिढ्या दुसऱ्याम्होरं वाकून मेल्या. आता ही थोरामोठ्याची पोरं माझ्या ल्येकाम्होरं वाकत्यात, तर ह्येला गोड लागंना बघा."

मास्तर एव्हाना मशिनवर जाऊन बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. "आये, कुणीच वाकू नये. आपुन बी न्हाई आन् त्येनी बी न्हाई."

हे मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दुकानापासून दोन गल्ल्या सोडून माझं क्लिनिक. पेठेत मला सगळे डॉक्टरच म्हणतात आणि मीही कधी दुरुस्ती केली नाही. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी मास्तरांची आई क्लिनिकच्या दारात उभी.

"डाक्टर, ह्यो पुण्याला जाऊन दोन्ही पाय मोडून आलाय."

"अपघात झाला?"

"न्हाई वो. मुद्दाम. उंच व्हायला."

मी तसाच उठून गेलो. दुकानामागच्या खोलीत खाटेवर मास्तर पाय पसरून बसले होते. दोन्ही नडग्यांभोवती लोखंडी कड्या, कड्यांना जोडणाऱ्या सळया आणि कड्यांवरून कातडीत शिरलेल्या तारा. हा प्रकार मी पुस्तकात पाहिला होता, मंगळवार पेठेत नव्हता पाहिला. नडगीचं हाड मधोमध कापतात आणि सळयांवरचे स्क्रू रोज थोडे थोडे फिरवून दोन तुकडे एकमेकांपासून दूर नेतात. मधल्या फटीत शरीर नवं हाड भरत जातं. घाई केली तर भरत नाही.

"दिवसातनं चार येळा पाना फिरवायचा," मास्तर उत्साहानं सांगू लागले. "येका येळंला पाव मिलिमीटर. पन्नास दिवसात दोन इंच."

खाटेशेजारच्या भिंतीवर त्यांनी टेलरच्या निळ्या खडूनं रेघा मारल्या होत्या. पाना एकदा फिरवला की एक रेघ. दिवसाच्या चार रेघा एका ओळीत.

मी भडकलो. मला राग पटकन येतो आणि त्याचा मला कधीच उपयोग होत नाही. "मास्तर, दोन इंचांसाठी? दोन इंचांसाठी हे करून घेतलंत?"

"डाक्टर, कोटाला दोन इंच लई असत्यात."

मग हळूहळू बाहेर आलं. गेल्या लग्नसराईत एक नवरदेव मित्रांना घेऊन शेरवानीचं माप द्यायला आला होता. मास्तरांनी टेप उचलला आणि तो गडी सरळ दोन्ही गुडघ्यांवर बसला. चेष्टा नव्हती त्यात. "घ्या मास्तर, आता निवांत घ्या," म्हणाला. मित्रांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी माप घेतलं, शेरवानीही शिवली. आणि त्याच आठवड्यात पुण्याचा पत्ता शोधायला लागले.

माझं काम रोज संध्याकाळी. हाड वाढतं, पण मांस, कातडी आणि नसा वाढायला राजी नसतात. पोटरी आखडते, टाच वर ओढली जाते. मी तळवा धरून पाऊल वर दाबायचो आणि मास्तर टेपचं टोक दातात धरायचे. टेपवर दातांचे वळ उमटले होते. आई रोज पायाचं सूप करायची. एकदा मास्तर वाटीकडे बघून म्हणाले, "चार पायाचं बकरं मेलं, माझ्या दोन पायासाठी." आणि त्या दुखण्यातही हसले.

प्रत्येक दिवशी मी आधी एकच गोष्ट तपासायचो. "मास्तर, अंगठा वर करा." गुडघ्याच्या बाहेरच्या अंगानं एक नस खाली उतरते. ती पाऊल आणि अंगठा वर उचलते. हाड फार वेगानं ताणलं की तीच पहिली रुसते, आणि ती गेली तर पाऊल लोंबतं. चालताना बोटं जमिनीला घासतात, पायरीला अडकतात. तुमच्या-माझ्या बाबतीत हे लंगडण्यावर भागलं असतं. मास्तरांची मशिन मात्र पायडलची. मोटर त्यांनी कधी बसवली नाही. "मोटर ऐकत न्हाई, पाय ऐकतोय," म्हणायचे. पायडल दाबायला टाच लागते आणि उचलायला पंजा. उजवा पाय गेला तर दुकान गेलं, इतकं ते सरळ होतं. हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली होती.

पाचव्या आठवड्यात एका संध्याकाळी उजवा अंगठा जरा थांबून उठला.

"पुन्हा."

उठला, पण मी सांगितल्यावर क्षणभरानं.

"झोपलावता त्यो," मास्तर म्हणाले. "तुमी यायच्या टायमाला जागा करतो उद्यापासनं."

दुसऱ्या दिवशी पायात मोजे होते. ऐन उन्हाळ्यात, कोल्हापुरात, मोजे. "गार लागतंय," म्हणाले. मी उजवा मोजा ओढून काढला. डोळे मिटायला सांगून पावलावर कापसाचा बोळा फिरवला आणि विचारलं, "कळतंय?"

"व्हय."

मी बोळा उचलून बाजूला धरला. "आणि आता?"

"व्हय की."

आता बोळा पावलाला लागलेलाच नव्हता. मी मान वळवून भिंतीकडे पाहिलं, आणि तेव्हा मला त्या रेघा नीट दिसल्या. वरच्या ओळींमध्ये चार-चार. खालच्या दहा ओळींमध्ये पाच.

"मास्तर, ही पाचवी रेघ कसली?"

आई सुपाची वाटी घेऊन दारात थांबली.

"ती व्हय? ती जादाची."

"कसली जादाची?"

मास्तरांनी मला समजावून सांगितलं, नव्या कारागिराला सांगावं तसं शांतपणे. "डाक्टर, कोरं कापड पाण्यात घातलं की आटतंय. म्हणून शिवताना आत जादा कापड सोडायचं. आता हाड बी नवंच की. ह्या कड्या काढल्या, वजन पडलं, की आटणारच. मग माझं दोन इंच पावणेदोनच भरायचं. म्हणून रोज थोडं जादा सोडतोय."

पंचवीस वर्षं त्या माणसानं कापलेलं प्रत्येक कापड या नियमानं बरोबर आलं होतं. त्याला हाडाचाही भरवसा वाटला नाही, यात चूक त्याची की कापडाची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तेव्हा मात्र मी ओरडलो. हाड आटत नाही, नस तुटते, पाऊल जाईल, सगळं एका दमात. मी खिशातून फोन काढला. पुण्याच्या सर्जनचा नंबर माझ्याकडे होता.

मास्तरांनी माझं मनगट धरलं. शिंप्याची बोटं, चांगलीच घट्ट.

"डाक्टर, त्ये थांबवत्याल. आता थांबवलं तर सव्वा इंचावर राहतोय मी. वीस दिवस ऱ्हायल्यात. पाचवी रेघ बंद. आईची आन. पर त्येस्नी सांगू नगासा."

"मास्तर, नाही."

"बरं, येक दिवस. उद्या संध्याकाळी अंगठा हलला न्हाई, तर मीच फोन लावतो."

आई वाटी घेऊन तशीच उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला काय कळतंय बाबा? तुमी शिकल्याली माणसं."

आणि मी फोन खिशात ठेवला. हे लिहिताना मला लाज वाटते, पण ते झालं. त्या माणसाला दोन इंच किती हवे होते ते मी महिनाभर रोज पाहत होतो, आणि मी वाकलो. एक दिवसानं काय होणार, असं मी घरी जाताना तीनदा स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळची वाट पाहवली नाही. दुपारीच गेलो. मास्तर खाटेवर उजव्या पावलाकडे बघत बसले होते. पाऊल घोट्यातून खाली लोंबत होतं.

"अंगठा वर करा."

त्यांचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा फुगल्या, डावा अंगठा उठला, हाताच्या मुठी वळल्या. उजवा अंगठा होता तिथंच.

मी पुण्याला फोन लावला. सर्जननं सगळं ऐकून घेतलं. आवाज न चढवता म्हणाला, पुढे फिरवणं बंद, आत्ताच्या आत्ता दोन्ही पायांचे स्क्रू आठ टप्पे मागे घ्या आणि उद्या सकाळी गाडी करून इकडे या. नस परत येईल का, असं मी विचारलं. "येईलही," एवढंच तो म्हणाला.

मी पाना उचलला. मास्तरांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"ज्यानं शिवलं त्येनंच उसवायचं," म्हणाले.

पाना स्क्रूवर दोनदा घसरला. एक टप्पा मागे गेला. मास्तर भिंतीकडे वळले आणि शेवटची रेघ अंगठ्यानं पुसली. दुसरा टप्पा, दुसरी रेघ. आई पायाशी बसून हात जोडून त्रिसरण पुटपुटत होती. प्रत्येक दोन टप्प्यांनंतर मी कापसाचा बोळा पावलावर फिरवत होतो.

"कळतंय?"

"न्हाई."

चौथा टप्पा. "कळतंय?"

"न्हाई."

सहावा. आता ते खोटं बोलत नव्हते. आदल्या दिवशी त्यांनी मला जितक्या सहज "व्हय" म्हटलं होतं, तितक्याच सहज आज "न्हाई" म्हणत होते, आणि मला ते खोटं "व्हय" परत ऐकावंसं वाटत होतं. आठवा टप्पा झाला.

"कळतंय?"

"न्हाई, डाक्टर."

भिंतीवर निळा डाग उरला होता. मास्तरांच्या अंगठ्यावरही.

पुण्याला उंची तिथंच थांबवली. सव्वा इंच. पुढे हाड भरायला कितीतरी महिने गेले, कड्या निघाल्या, मास्तर कुबड्यांवरून काठीवर आले. पावलाला स्पर्श दोन महिन्यांनी परत आला, पण अंगठा काही उठेना. नस आली तर सावकाश येते, हे त्यांना सांगत मी रोज जात राहिलो. ते टेपचं टोक दातात धरायचे, मी म्हणायचो "वर करा," आणि आम्ही दोघे त्या अंगठ्याकडे बघत बसायचो. माझ्या त्या एका दिवसाबद्दल मास्तर कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुकान पुन्हा उघडलं. उजव्या बुटात पाऊल उचलून धरणारा पट्टा घालून, एकट्या डाव्या पायानं मास्तर मशिन चालवू लागले. पेठेला मशिनचा तो नवा आवाज लगेच कळला. पूर्वी सलग चालायची, आता ठेचकाळत चालायची. मास्तर सव्वा इंच उंच झालेत, हे मात्र कुणालाच कळलं नाही.

मी एकदा दुकानात बसलो असताना तालमीतला एक जुना पैलवान माप द्यायला आला. मास्तर काठी टेकवून उठले, टेप घेतला. पैलवान सवयीनं गुडघ्यात वाकला. उलट काठी बघून थोडा जास्तच वाकला.

"सरळ हुबं ऱ्हावा," मास्तर म्हणाले.

"हुबाच हाय की मास्तर."

मास्तरांनी टेप पुन्हा लावला नाही. वाकलेल्या पाठीचंच माप वहीत उतरवलं. माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं. पंचवीस वर्षांची पेठेची सवय होती ती. दोन काय, सहा इंचांनीही तिला काही फरक पडला नसता.

गेल्या दिवाळीनंतर दुकानाला कुलूप दिसलं. चार दिवस, आठ दिवस. बोर्डही काढलेला. शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं, मास्तर आईला घेऊन कागलला गेले, तिथं दुकान टाकलंय. मला न सांगता गेले याचा मला राग आला. चार महिने मी त्या रागात काढले, आणि मग कोटाचं कापड घेऊन कागलची एसटी धरली. मला कोट नको होता.

दुकान हायवेपासून जरा आत आहे. मी समोरच्या बाजूला थांबून पाहिलं. आत एक अनोळखी गिऱ्हाईक खांबासारखं ताठ उभं होतं. मास्तर त्याच्या मागे स्टूल ठेवत होते. गिऱ्हाइकानं वळूनही पाहिलं नाही. उंच माणसाचं माप घेताना टेलर स्टुलावर चढतो, यात पाहण्यासारखं त्याला काही वाटलं नसावं. मास्तर कसे चढले ते मला दिसलं नाही, मध्ये उसाचा ट्रॅक्टर आला.

ते गिऱ्हाईक गेल्यावर मी आत शिरलो. मशिनशेजारच्या खुंटीला तो बुटातला पट्टा लटकत होता.

"या डाक्टर," जणू काल भेटलो होतो अशा आवाजात ते म्हणाले. "आये, डाक्टर आल्यात, च्या टाक."

मी कापड पुढे केलं. ते त्यांनी चिमटीत धरून पाहिलं. "पाण्यात काढाय लागंल," म्हणाले, आणि मग आम्ही दोघे एकमेकांची नजर चुकवत राहिलो.

मी आरशासमोर उभा राहिलो. मास्तर मागे आले. इतके दिवस मनात ठेवलेलं मी बोलून टाकलं. "मास्तर, त्या दिवशी मी लगेच फोन करायला पाहिजे होता."

डावा तळवा माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये टेकला.

"सरळ हुबं ऱ्हावा."

"उभाच आहे की."

"आरशात बघा."

मी पाहिलं. माझे गुडघे वाकलेले, खांदे पडलेले, मान पुढे. ज्यानं त्यांच्या नडगीचा एकेक मिलिमीटर मोजला, ज्याला त्या सव्वा इंचाची किंमत जगात सगळ्यांत जास्त माहीत होती, तो मी. आम्ही पेठेतल्यांनी एवढंच करायचं होतं. सरळ उभं राहायचं आणि त्यांना स्टुलावर चढू द्यायचं. ते एवढं आम्हाला जमलं असतं, तर त्या माणसानं पाय कापून घेतले नसते.

मी गुडघे सरळ केले. खांदे मागे घेतले. आरशात माझ्यामागे मास्तर दिसेनासे झाले.

जमिनीवर स्टूल सरकल्याचा आवाज आला. काठी भिंतीला टेकल्याचा आवाज आला. माझी मान आपोआप खाली वळायला लागली.

"खाली बघू नगासा. माप हालतंय."

मी समोर बघत राहिलो. आरसा कमरेपर्यंतचाच होता. माझे कान मात्र सगळे खाली गेले. डावा पाय स्टुलावर ठेवल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. उजव्या पायाला आता ती कड ओलांडायची होती, आणि पंजा उठला नाही तर बूट लाकडाला घासणार हे मला माहीत होतं. मला रडायला येत होतं आणि मला हलायचं नव्हतं.

घासल्याचा आवाज आला नाही. वर दुसरं पाऊल अलगद टेकलं, स्टूल जरा करकरलं, आणि टेपचं थंड टोक माझ्या मानेला लागलं.